न्यूयॉर्कमधलं चांगलं अमेरिकन रेस्टॉरंट: आई-बाबांना घेऊन जायचं असेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत काय काय करायचं

दर उन्हाळ्यात आपल्याकडे कोणाचे ना कोणाचे आई-बाबा येतात, दोन-तीन महिने इथे अमेरिकेत, न्यू जर्सीत राहतात, भारतीय दुकानांच्या ओक ट्री रोडवर डोसा आणि चाट होतं, नायगारा होतो, आणि परत जाताना एअरपोर्टवर म्हणतात की बाकी देश छान आहे पण इथे खाण्यासारखं काही नाही, पिझ्झा-बर्गर सोडून. मला हे ऐकून खरंच वाईट वाटतं. कारण तासाभराच्या ट्रेनवर न्यूयॉर्क आहे, आणि तिथे अमेरिकन जेवण इतकं सुंदर मिळतं की एकदा नीट खाल्लं तर माणूस वर्षभर त्याबद्दल बोलतो. फक्त ते पिकनिक स्पॉटसारखं 'चला जाऊया' म्हणून जमत नाही, थोडी तयारी लागते. मी गेली काही वर्षं घरच्यांना, मित्रांना, मित्रांच्या आई-बाबांनासुद्धा घेऊन जातोय, त्यातून जे कळलं ते सगळं क्रमाने लिहितोय.

एक गोष्ट सगळ्यात आधी. बहुतेक लोक आधी रेस्टॉरंट ठरवतात, 'टॉप टेन'ची यादी बघून, आणि मग त्यात आपली माणसं बसवतात. हे उलटं करा. टेबलावर कोण बसणार आहे ते आधी, महिना कोणता ते त्यानंतर, आणि रेस्टॉरंटचं नाव सगळ्यात शेवटी.

पायरी १: 'अमेरिकन' म्हणजे काय ते समजून घ्या

इथल्या महागड्या रेस्टॉरंटच्या माहितीत 'अमेरिकन' किंवा 'न्यू अमेरिकन' असं लिहिलेलं असतं आणि आपल्याला वाटतं की सोन्याच्या ताटात बर्गर देणार. तसं नसतं. फार पूर्वी इथे भारी जेवण म्हणजे फ्रेंच जेवण असाच समज होता. मग १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात बर्कलीला अॅलिस वॉटर्स यांनी शे पनीस नावाचं रेस्टॉरंट काढलं आणि आसपासच्या शेतकऱ्याकडे आज जे पिकलंय तेच आज ताटात, ही पद्धत तिथून पसरली. पद्धत थोडी फ्रेंच, माल इथल्या मातीतला, आणि त्यात इटालियन, जपानी, मेक्सिकन, आता भारतीयसुद्धा, जे जे लोक इथे येऊन राहिले त्यांचे हात लागलेले. म्हणजे मक्याचं कणीस, भोपळा, टोमॅटो, खेकडे, कालवं, बदक, सफरचंद हे खरे हिरो. आपल्या आईला हे समजावून सांगायला अजिबात वेळ लागत नाही, कारण तीही मंडईत जाऊन आज काय ताजं आहे ते बघूनच स्वयंपाक ठरवते.

पायरी २: कोण येणार आणि कोण काय खात नाही, हे कागदावर लिहा

ही पायरी कंटाळवाणी वाटते पण सगळ्यात महत्त्वाची हीच आहे, त्यामुळे इथे मी जरा जास्त लिहिणार.

मी एकदा आईला मिडटाऊनमधल्या एका नावाजलेल्या जागी घेऊन गेलो होतो, ऑक्टोबर होता, भोपळ्याचं सूप मागवलं, मेनूवर मांसाचा उल्लेख कुठेच नव्हता म्हणून मी विचारलंच नाही. आईने दोन चमचे घेतले, म्हणाली वास वेगळा येतोय रे. वेटरला विचारलं तर तो सहज म्हणाला, हो, चिकन स्टॉक आहे ना त्यात. स्टॉक म्हणजे कोंबडी उकळून काढलेलं पाणी. आईने चमचा हळूच बशीत ठेवला, पाणी प्यायली, आणि मला वाईट वाटू नये म्हणून पुढचं सगळं जेवण 'छान आहे, छान आहे' म्हणत ब्रेड-बटर खात राहिली. चूक माझी होती, मी विचारायला हवं होतं. तेव्हापासून मी हे नीट शिकलो.

तर इथल्या लोकांच्या डोक्यात 'व्हेजिटेरियन' म्हणजे मांसाचा तुकडा नाही, एवढंच बऱ्याचदा असतं. अंडं त्यात धरलेलं असतं. सूपमध्ये चिकन स्टॉक असू शकतो, सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही नावाचे छोटे मासे असतात, ब्रसेल्स स्प्राउट्स किंवा बीन्समध्ये बेकनचे तुकडे टाकतात, अॅपल पायसारख्या पदार्थाच्या कव्हरमध्ये कधी कधी डुकराची चरबी असते, काही मऊ डेझर्टमध्ये जिलेटिन असतं, आणि इटालियन पार्मेझान चीज बनवताना दूध फाडायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. शेवटचं बऱ्याच जणांना चालतं, बऱ्याच जणांना नाही, पण माहीत असलेलं बरं.

म्हणून बुकिंग करताना नोटमध्ये आणि बसल्यावर परत तोंडाने असं साफ सांगा: मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, चिकन किंवा माशांचा स्टॉकही नाही, दूध-दही-लोणी चालतं. 'अंडं नाही पण लोणी चालतं' हे त्यांना जरा वेगळं वाटतं कारण त्यांच्याकडे एकतर सगळं चालणारे किंवा व्हीगन, म्हणजे दूधही न घेणारे, अशाच दोन टोकांची सवय असते, त्यामुळे पूर्ण वाक्य बोला. कांदा-लसूण न खाणारे असतील तर निदान चार-पाच दिवस आधी फोन करून विचारा, काही जागा आनंदाने करतात, काही सरळ नाही म्हणतात, आणि नाही म्हणाले तर राग मानू नका, दुसरी जागा बघा.

मांसाहारी मंडळींचंही लिहून काढा. आपल्यात 'नॉनव्हेज खातो' म्हणजे चिकन, मटण, मासे, आणि बीफ-पोर्क नाही, असं खूप घरांत असतं. इथे स्टेकच्या जागी गेलात तर मेनूचा निम्मा भाग तिथेच कटतो. बाबांना बीफ चालत नसेल तर त्यांना भिंतभर गायीचे चित्र लावलेल्या जागी दोन तास बसवू नका, त्यांना जेवण जाणार नाही.

पायरी ३: आता जागा

माझ्या मते पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एकच नाव घ्यायचं तर ग्रॅमर्सी टॅव्हर्न. विसाव्या रस्त्यावर, ब्रॉडवे आणि पार्क अॅव्हेन्यू साऊथच्या मधे. १९९४ मध्ये डॅनी मायर आणि शेफ टॉम कोलिकिओ यांनी सुरू केलं, २००६ मध्ये किचन मायकल अँथनी यांच्याकडे आलं आणि तेव्हापासून भाज्यांना तिथे फार मान आहे. या जागेचे दोन भाग आहेत हे लक्षात ठेवा. पुढे 'टॅव्हर्न', जिथे बार आहे, लाकडावर भाजायची भट्टी आहे, मोठमोठ्या फुलदाण्या आहेत, आणि मेनूतून हवं ते एक-एक मागवता येतं. मागे 'डायनिंग रूम', जिथे ठरलेल्या कोर्सेसचं जेवण असतं आणि पैसेही जास्त. आई-बाबांबरोबर मी नेहमी पुढेच बसतो. जेवण तेवढंच मन लावून केलेलं, वातावरण मोकळं, आणि पन्नाशी-साठीच्या माणसाला तीन तास एका जागी ताठ बसावं लागत नाही.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये बाबांना नेलं होतं तेव्हाचं सांगतो. दुपारची वेळ, भट्टीतल्या ओकच्या लाकडाचा वास दारातूनच येत होता. मक्याचे दाणे आणि टोमॅटोचं काहीतरी आलं, दाणे असे की दाताखाली फुटून दूध यावं, टोमॅटो लाल नाही तर पिवळट-जांभळे, जाड कापलेले, वर नुसतं मीठ आणि तेल. बाबा शेतकरी घरातले. त्यांनी टोमॅटोची एक फोड काट्यावर उचलून उजेडाकडे धरली, बिया बघितल्या आणि म्हणाले, हा गावठी आहे, हायब्रीड नाही. वेटर मुलगी जवळच होती, मी तिला भाषांतर करून सांगितलं तर तिने आत जाऊन कुठल्या शेतातून आलाय ते विचारून येऊन सांगितलं. मग तिने एका अर्धगोल धातूच्या पट्टीने टेबलावरचे ब्रेडचे कण गोळा केले, एका सरळ ओढीत, आवाज न करता, आणि बाबा ते बघतच राहिले. घरी फोनवर त्यांनी जेवणाचं सांगायच्या आधी त्या पट्टीचं वर्णन केलं.

पूर्ण शाकाहारी असाल तर सरळ डर्ट कँडीला जा, लोअर ईस्ट साईडला, अॅलन स्ट्रीटवर. अमांडा कोहेन यांनी २००८ मध्ये सुरू केलं तेव्हा अगदी एवढीशी जागा होती, आता मोठी आहे. इथे किचनमध्ये मांस-मासे येतच नाहीत त्यामुळे वरची सगळी उलटतपासणी वाचते, फक्त अंड्याचं विचारा. मेनू ठरलेला असतो, भाजीच केंद्रस्थानी, माणशी शंभर डॉलरच्या थोडं वर जातात, आणि टिप वेगळी द्यावी लागत नाही, किमतीत धरलेली असते. मिशेलिन या नावाजलेल्या रेस्टॉरंट गाईडचा स्टार आहे. पण जेवण खेळकर आहे, पारंपरिक अजिबात नाही, त्यामुळे ज्या आईला 'हे काय आहे' असं विचारायला आवडतं तिला न्या, जिला ओळखीचं लागतं तिला नको.

इलेव्हन मॅडिसन पार्कचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. तीन मिशेलिन स्टार, २०१७ मध्ये जगातल्या पन्नास सर्वोत्तम रेस्टॉरंटच्या यादीत पहिला नंबर. शेफ डॅनियल हम यांनी २०२१ मध्ये पूर्ण मेनू व्हीगन करून टाकला आणि चार वर्षं तसाच चालवला, ऑक्टोबर २०२५ पासून मांस-मासे परत आले पण वनस्पतींचा मेनू अजून घेता येतो. पूर्ण मेनूला माणशी तीनशे डॉलरच्या वर जातात, टॅक्स आणि ड्रिंक्स वेगळे. बारमध्ये छोटा मेनू कमी पैशांत होतो. पंचविसावा वाढदिवस, लग्नाची चाळीस वर्षं, असं काही असेल तरच.

पण या इमारतीशी आपलं एक नातं आहे ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. याच इमारतीत, अगदी शेजारी, १९९८ ते २०१० टॅब्ला नावाचं रेस्टॉरंट होतं, तेही डॅनी मायर यांचंच, आणि किचन होतं फ्लॉइड कार्डोझ यांचं. मुंबईत जन्मलेले, घर मूळ गोव्याचं. अमेरिकन माल, भारतीय मसाला, असं त्यांनी त्या काळी न्यूयॉर्कच्या मध्यावर करून दाखवलं. २०११ मध्ये टॉप शेफ मास्टर्स ही टीव्हीवरची स्पर्धा त्यांनी जिंकली ती अंतिम फेरीत उपमा करून, मशरूमबरोबर! पुढे मुंबईत बॉम्बे कँटीन आणि ओ पेद्रो उभं करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. मार्च २०२० मध्ये कोविडने गेले. समोर मॅडिसन स्क्वेअर पार्क आहे, आई-बाबांना तिथल्या बाकावर बसवा आणि ही गोष्ट सांगा. उपम्याचं ऐकून माझ्या आईचा चेहरा असा उजळला होता.

मालवणी, गोवन, कोकणी घरातली माणसं असतील तर त्यांना मासे दाखवा. ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या पोटात ऑयस्टर बार आहे, १९१३ पासूनचा, वर टाइल्सच्या कमानी, बाहेर कोपऱ्यात तोंड करून कुजबुजलं तर समोरच्या कोपऱ्यात ऐकू येतं अशी ती प्रसिद्ध जागा. ऑयस्टर म्हणजे आपली कालवं, क्लॅम म्हणजे तिसऱ्यांचे भाऊबंद, हे सांगितलं की अर्धी भीती जाते. फरक एवढाच की आपण कालवं शिजवून खातो, इथे कच्ची, बर्फावर, लिंबू पिळून. वय झालेल्यांना, गरोदर असेल तिला किंवा पोट नाजूक असणाऱ्यांना कच्ची नकोच, त्यांच्यासाठी ऑयस्टर पॅन रोस्ट म्हणजे मलईदार रस्सा मागवा किंवा भाजलेला मासा. सॉफ्ट शेल क्रॅब म्हणजे कात टाकलेला मऊ कवचाचा खेकडा, तो मे महिन्यापासून उन्हाळाभर मिळतो, अख्खा खातात, कवचासकट. चिंबोरी फोडून खाणाऱ्या माणसाला ते बघणं हाच एक सोहळा असतो. शनिवार-रविवारी उघडं आहे का ते आधी बघून निघा.

स्टेकहाऊसबद्दल थोडक्यात, कारण मला त्यात फार गती नाही. ब्रुकलिनमधलं पीटर लुगर १८८७ पासूनचं, तिथे क्रेडिट कार्ड चालत नाही, रोख किंवा डेबिट कार्ड न्या. छत्तिसाव्या रस्त्यावरचं कीन्स १८८५ चं, छताला जुन्या मातीच्या चिलमी हजारोंनी टांगलेल्या, एके काळी फक्त पुरुषांना प्रवेश होता, मग लिली लँगट्री या अभिनेत्रीने कोर्टात जाऊन १९०५ मध्ये बायकांसाठी दार उघडायला लावलं. बीफ न खाणाऱ्यांसाठी इथे एक वाट आहे, तिथला मटण चॉप फार प्रसिद्ध आहे, भलामोठा असतो, दोघांत एक घ्या.

पाहुण्यांना म्यूझियमही दाखवायचं असेल तर आधुनिक कलेच्या म्यूझियममधलं द मॉडर्न बघा, डायनिंग रूमला शिल्पांच्या बागेकडे तोंड करून असलेली मोठी काच आहे, दुपारी तिथे उजेडात बसायला फार छान वाटतं, आणि बार रूममध्ये एक-एक पदार्थ मागवता येतो. जेवणासाठी म्यूझियमचं तिकीट लागत नाही. थॉमस केलर यांचं पर से, कोलंबस सर्कलला, भाज्यांचा पूर्ण वेगळा टेस्टिंग मेनू (एकामागून एक येणाऱ्या छोट्या पदार्थांचा ठरलेला मेनू) देतं, पण माणशी चारशेच्या पुढे.

आणि शहराबाहेर जायची तयारी असेल तर ब्लू हिल अॅट स्टोन बार्न्स. ग्रँड सेंट्रलवरून मेट्रो नॉर्थची हडसन लाईन, टॅरीटाऊन स्टेशन, तिथून टॅक्सी. ट्रेनमध्ये डाव्या बाजूला बसा, नदी दिसते. शेफ डॅन बार्बर, २००४ पासून, खरीखुरी शेती आणि दगडी गोठे, त्यातच जेवण. मेनू कार्ड नसतं, शेतात जे आहे ते येत राहतं. आता दुकानांत मिळणारा हनीनट नावाचा छोटा गोड भोपळा कॉर्नेल विद्यापीठातल्या तज्ज्ञाने बार्बर यांच्या सांगण्यावरून तयार केला, चव पाण्यात न जाता एकवटून यावी म्हणून. खर्च पर सेच्या रांगेतला. शेतीत रस असलेल्या माणसाला ही जागा दिली तर तो जेवण विसरेल पण तो भोपळा विसरणार नाही.

पायरी ४: महिना

वरच्या सगळ्या जागा सीझनवर चालतात म्हणून हे बघाच. एप्रिल-मेमध्ये अॅस्परॅगस, वाटाणे, आणि रॅम्प्स नावाची जंगली लसणीची पात, जेमतेम काही आठवडे. जून स्ट्रॉबेरी. जुलै शेवट ते सप्टेंबर मका, टोमॅटो, पीच, हा सगळ्यात सुंदर काळ आणि नेमका पाहुण्यांचाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भोपळे, सफरचंद, बदक. जानेवारी-फेब्रुवारीत कंदमुळं आणि शेलफिश. हिवाळ्यात शाकाहारी माणसाला न्यायचं असेल तर जरा विचार करा, किंवा डर्ट कँडीलाच जा.

पायरी ५: बुकिंग

रेझी, ओपनटेबल अशा टेबल बुक करायच्या अॅपवर बहुतेक जागा मिळतात. कोणती जागा कोणत्या अॅपवर ते त्यांच्या वेबसाईटवर लिहिलेलं असतं. काही जागा महिन्याच्या एक तारखेला पुढचा अख्खा महिना उघडतात, काही रोज बरोबर चार आठवडे पुढचा दिवस उघडतात, वेळ साधारण सकाळी नऊ किंवा दहा, अलार्म लावा आणि आधीच लॉगिन करून कार्ड भरून ठेवा. नाही मिळालं तर 'नोटिफाय' दाबून ठेवा, शेवटच्या दोन दिवसांत लोक रद्द करतात तेव्हा खूप जागा सुटतात, मला तर अर्ध्या वेळा अशाच मिळाल्यात.

शनिवारी रात्री आठचं टेबल मागू नका. मंगळवार-बुधवार, दुपारचं जेवण किंवा संध्याकाळी सव्वापाच. आपल्या आई-बाबांचं जेवण तसंही लवकर असतं, आणि दुपारी तीच भट्टी, तेच किचन, बऱ्याच ठिकाणी कमी पैशांत मिळतं. दोघंच असाल तर बुकिंगशिवाय बारवर बसायला जा, पूर्ण मेनू तिथेही देतात, फक्त उंच स्टुलांवर गुडघे दुखणाऱ्या माणसाला बसवू नका.

दुसऱ्याने विकलेलं बुकिंग पैसे देऊन घेऊ नका. रेस्टॉरंटच्या परवानगीशिवाय अशी टेबलं विकायला ठेवणाऱ्या साईट्सना न्यूयॉर्क राज्याने कायद्याने बंदी घातलीये, २०२५ च्या सुरुवातीपासून. आणि रद्द करायचं असेल तर वेळेत करा, नाहीतर माणशी दंड कार्डावर बसतो, अटी बुकिंगच्या पानावर असतात, वाचा. काही टेस्टिंग मेनूवाले तर पूर्ण पैसे आधीच घेतात.

रेस्टॉरंट वीक, म्हणजे शहरातली बरीच रेस्टॉरंट ठरलेल्या किमतीत जेवण देतात तो काळ, हाही चांगला मार्ग. १९९२ मध्ये सुरू झाला, तेव्हा जेवण वर्षाच्या आकड्यावरून १९.९२ डॉलरला ठेवलं होतं. आता वर्षातून दोनदा होतो, हिवाळ्यात जानेवारी-फेब्रुवारी आणि उन्हाळ्यात जुलै-ऑगस्ट, नाव 'वीक' पण चालतो कितीतरी आठवडे. अलीकडे ३०, ४५ आणि ६० डॉलर असे टप्पे असतात. माझा सल्ला, बुक करण्याआधी त्या जागेचा नेहमीचा दुपारचा मेनू आणि वीकचा मेनू शेजारी-शेजारी ठेवून बघा, काही जागा मनापासून करतात, काही फक्त चिकन आणि सामन टाकून मोकळ्या होतात, आणि शाकाहारी मेन कोर्स आहे का ते खास बघा.

पायरी ६: पैशांचा हिशोब आधीच करा

मेनूवरची किंमत ही शेवटची किंमत नसते. न्यूयॉर्क शहरात टॅक्स ८.८७५ टक्के, आणि टिप १८ ते २० टक्के. समजा दोघांनी मिळून १२० डॉलरचं खाल्लं, तर टॅक्स १०.६५, वीस टक्के टिप २४, एकूण १५४.६५. म्हणजे मेनूचा आकडा बघून साधारण तीस टक्के मनात वाढवायचे. डोक्यात हिशोब करायचा असेल तर टॅक्सचा आकडा दुप्पट करा, ती झाली जवळपास अठरा टक्के टिप.

टिप देणं हे आपल्या आई-बाबांना पटत नाही, एवढे पैसे कशाला म्हणतात. त्यांना शांतपणे सांगा की इथे वेटरचा ठरलेला पगार किमान वेतनापेक्षा कमी धरलेला असतो आणि उरलेलं टिपमधून येतं, म्हणून ते बक्षीस नाही, त्यांचा पगारच आहे. पण बिलावर 'सर्व्हिस इन्क्लुडेड' किंवा 'ग्रॅच्युइटी' लिहिलंय का ते बघा, मोठ्या ग्रुपला बऱ्याचदा आधीच लावतात, मग परत द्यायची गरज नाही.

पाणी विचारतात 'स्टिल ऑर स्पार्कलिंग', दोन्ही विकतचं. 'टॅप वॉटर' म्हणा, लाजायचं काही कारण नाही, न्यूयॉर्कचं नळाचं पाणी कॅट्सकिलच्या डोंगरांतून येतं आणि चांगलं असतं, फुकट असतं. आईला बर्फ नको असतो, 'नो आइस' लगेच जोडा.

पायरी ७: त्या दिवशी

ग्रॅमर्सी टॅव्हर्नला जाणार असाल तर सोमवार, बुधवार, शुक्रवार किंवा शनिवार धरा, कारण त्या दिवशी युनियन स्क्वेअरला शेतकऱ्यांचा बाजार भरतो, १९७६ पासून, आणि तो रेस्टॉरंटपासून चालत पाच मिनिटांवर आहे. साडेदहाला बाजारात पोचा, तासभर फिरा, मुळे, बीट, मक्याचे ढीग, भोपळ्याची फुलं बघू द्या, भाव विचारू द्या. मग बाराच्या टेबलावर बसा. जे आत्ता टोपलीत बघितलं तेच ताटात येतं आणि सगळं आपोआप समजतं, काही समजावावं लागत नाही. शेफ लोकही इथेच खरेदीला येतात.

कपड्यांचं टेन्शन नको. साडी नेसून गेलेली बाई या जागांमधे सगळ्यात छान दिसते, आईला आवर्जून नेसायला सांगा. बाबांना कॉलरचा शर्ट आणि बूट पुरेत, पर से सारख्या ठिकाणी मात्र जॅकेटबद्दल आधी वाचून घ्या. एसी जबरदस्त असतो, शाल घ्या, ऑगस्टमध्येसुद्धा.

वेळेवर पोचा, पंधरा मिनिटं उशीर झाला तर टेबल जाऊ शकतं, आणि बऱ्याच ठिकाणी सगळे आल्याशिवाय बसवत नाहीत. बसल्यावर गोंगाट असेल किंवा वारा अंगावर येत असेल तर लगेच दुसरं टेबल मागा, ऑर्डर दिल्यावर नाही.

ऑर्डर करताना वेटरला सरळ विचारा की आज किचनला सगळ्यात जास्त कशाचा अभिमान आहे. आणि पदार्थ मधे ठेवून वाटून घ्या, 'वुई आर शेअरिंग' म्हटलं की छोट्या प्लेटा आणून देतात. चार जणांत तीन स्टार्टर, तीन मेन, दोन डेझर्ट पुरतात. चव फिकी वाटू शकते, तिखट हवं असेल तर मागा, देतात, पण पहिले दोन घास तसेच खाऊन बघायला सांगा. मी एकदा घाईने आधीच चिली फ्लेक्स मागवले आणि मक्याची सगळी गोडी त्यात गेली. उरलेलं बांधून मागायला अजिबात संकोच नको, सगळे मागतात.

पाहुण्यांचा वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस असेल तर बुकिंगच्या नोटमध्ये लिहा, मेणबत्ती लावून गोड आणतात. त्यात अंडं नको हेही तिथेच लिहा, नाहीतर ज्याचा वाढदिवस तोच बघत बसतो.

पायरी ८: बिल आणि घरी

बिल तुम्ही मागेपर्यंत बऱ्याचदा आणत नाहीत, विसरले असं समजू नका, घाई करायला नको म्हणून. 'चेक प्लीज' म्हणा. कार्ड घेऊन जातात, दोन स्लिपा आणतात, एकीवर टिप आणि एकूण आकडा लिहून सही करून तिथेच ठेवायची, दुसरी तुमची. टिपचा आकडा तुमच्या स्लिपवरही लिहून घ्या आणि दोन-तीन दिवसांनी बँकेत तेवढेच गेलेत ना बघा, सुरुवातीला फक्त मूळ रक्कम दिसते, टिप नंतर जोडली जाते. आता बऱ्याच ठिकाणी टेबलावरच मशीन आणतात, त्यावर टिपचे तीन आकडे येतात, मधला दाबला तरी चालतं.

ग्रॅमर्सीवरून जर्सीला यायचं तर तेविसाव्या रस्त्यावर सहाव्या अॅव्हेन्यूला जर्सीला जाणाऱ्या पाथ ट्रेनचं स्टेशन आहे, रमतगमत दहा-बारा मिनिटं, जेवणावर तेवढं चालणं बरंच. संध्याकाळी चार ते सातच्या मधे निघालात तर ट्रेनमध्ये गर्दी असते, आई-बाबांना उभं राहावं लागतं, त्यामुळे दुपारचं जेवण झालं असेल तर चारच्या आत ट्रेनमध्ये बसा, आणि बांधून घेतलेला डबा मांडीवर सरळ धरा, टोमॅटोचं तेल गळतं.